कर्मयोगिनी अहिल्याबाई

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाविषयी प्रश्न करताना अर्जुनाने त्या महापुरुषाचे मत काय असते, हे विचारलेले नाही. त्याचे बोलणे, बसणे व वागणे कसे असते, एवढेच त्याने विचारले. दोन्ही सैन्यांच्या मध्यभागी उभ्या असलेल्या एका गृहस्थाचा हा प्रश्न आहे, आणि तो अत्यंत मार्मिक आहे. मनाची स्थिरता ही डोळ्यांना न दिसणारी वस्तू. तिची ओळख पटावयाची ती नित्याच्या आचरणावरूनच. पुढे तिसऱ्या अध्यायात कर्माने सिद्धी मिळविणाऱ्यांचे उदाहरण देण्याचा प्रसंग आला, तेव्हा भगवंतांनी नाव घेतले ते जनकादी राजांचे. राज्य, संसार व प्रजा यांच्या मध्यभागी राहिलेल्यांचे.

असे असूनही आपणा गृहस्थांच्या मनात एक शंका घर करून राहिलेली असते. स्थिर बुद्धी ही संन्याशांची मिरास आहे. ज्याच्या मागे मुलेबाळे, आजार, देणी, नोकरी आणि नातीगोती लागली आहेत, त्याने ती इच्छावी कशी, असे आपण म्हणतो आणि गीता पुन्हा फडक्यात बांधून ठेवतो. या शंकेचे निरसन शास्त्रार्थापेक्षा एखाद्या चरित्राने अधिक चांगले होते. जिचा संसार एकामागून एक आघातांनी रिकामा होत गेला आणि जिने तरीही अठ्ठावीस वर्षे आपल्या कर्तव्याची वेळ चुकविली नाही, अशा एका राणीचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत. काशीस, गयेस किंवा सोमनाथास गेलेल्या प्रत्येक यात्रेकरूने तिच्या पुण्याईच्या सावलीत क्षणभर तरी विसावा घेतलेला असतो, मग तिचे नाव त्याला ठाऊक असो वा नसो.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चोंडी या लहानशा गावी १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. घर धनगर कुळातील, साधे व देवभक्त. त्या काळी मुलींना अक्षरओळख करून देण्याची प्रथा सर्वत्र नव्हती. परंतु माणकोजींनी आपल्या कन्येस लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण दिले. माळव्याचे सुभेदार मल्हारराव होळकर एकदा चोंडीस मुक्कामास असता त्यांनी देवळात या मुलीला पाहिले, तिचा विनय आणि भक्तिभाव त्यांच्या मनात भरला आणि त्यांनी तिला सून म्हणून मागून घेतले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. १७३३ साली मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला.

मल्हारराव स्वतः मेंढपाळाच्या घरी जन्मलेले. तलवारीच्या बळावर ते मराठ्यांच्या मोठ्या सरदारांपैकी एक झाले होते. स्वभाव तापट, पण माणसाची पारख अचूक. मुलापेक्षा सुनेच्या ठिकाणी कारभाराची पात्रता अधिक आहे, हे त्यांनी ओळखले. वसुलाचे कागद, पत्रव्यवहार, लष्कराचा खर्च या गोष्टी हळूहळू तिच्या नजरेखालून जाऊ लागल्या. सासू गौतमाबाई यांच्या हाताखाली देवधर्म आणि घरची शिस्त तिने आत्मसात केली. मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. बाहेरून पाहणाऱ्यास हा संसार सर्व बाजूंनी भरलेला दिसत होता.

१७५४ च्या मार्च महिन्यात पहिला आघात झाला. भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या किल्ल्यास मराठ्यांचा वेढा पडला होता. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. तत्कालीन रूढीस अनुसरून त्यांनी पतीबरोबर सहगमन करण्याचा निश्चय केला. पुत्रशोकाने विव्हळ झालेल्या मल्हाररावांनी त्यांच्यापुढे आपले वार्धक्य ठेवले. मुलगा तर गेलाच, आता तूही गेलीस तर या दौलतीला आणि या म्हाताऱ्याला आधार कोणाचा, अशा आशयाने त्यांनी विनवणी केली. अहिल्याबाईंनी निश्चय मागे घेतला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. रूढीने ज्या कृतीला कीर्ती दिली असती, ती सोडून ज्या जगण्यात वैधव्य, जबाबदारी आणि लोकांची टीका एवढेच समोर दिसत होते, ते त्या तरुण स्त्रीने पत्करले. या निर्णयानंतर त्या एकेचाळीस वर्षे जगल्या. आज त्यांचे म्हणून जे जे कार्य आपण वंदनीय मानतो, ते सर्व या एकेचाळीस वर्षांतील आहे. कुंभेरीच्या चितेवर ते सर्व जळून गेले असते. देहत्यागापेक्षा कर्तव्यासाठी देह राखणे हा धर्म अधिक कठीण असतो आणि अधिक फलदायीही असतो, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

मल्हाररावांनी सुनेवर टाकलेला भार नाममात्र नव्हता. १७६५ सालची त्यांनी अहिल्याबाईंना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत ग्वाल्हेरच्या बाजूस तोफखान्यासह कूच करण्याविषयी, दारूगोळ्याची बेगमी आणि वाटेवरचा बंदोबस्त ठेवण्याविषयी सूचना आहेत. अठराव्या शतकातील एका वृद्ध सेनापतीने आपल्या विधवा सुनेस असे लिहावे, यातच तिची योग्यता दिसून येते. पुढच्याच वर्षी, २० मे १७६६ रोजी, आलमपूर येथे मल्हाररावांचा अंत झाला. होळकरांच्या गादीवर नातू मालेराव बसले. त्यांचे चित्त मात्र ठिकाणावर नव्हते. संशयाने आणि उन्मादाने त्यांना ग्रासले. आई रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून राहिली. परंतु वर्षाच्या आत, १७६७ साली, तेही निवर्तले.

या मृत्यूसंबंधी एक कथा लोकांच्या तोंडी आहे. न्यायासाठी अहिल्याबाईंनी स्वतःच्या मुलास हत्तीच्या पायी दिले, असे ती कथा सांगते आणि ऐकणारे धन्य धन्य म्हणतात. ही कथा खरी नाही. १८१८ नंतर माळव्याची व्यवस्था पाहणारे इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम यांनी जुन्या माणसांकडे जाऊन जाऊन चौकशी केली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पुत्राच्या मृत्यूविषयीच्या आरोपातून या मातेस सर्वस्वी निर्दोष ठरविले. आजारी मुलाच्या उशाशी जागणारी आई हेच खरे चित्र आहे. थोरवी दाखविण्यासाठी मातेचे हृदय दगडाचे करण्याची आवश्यकता नसते, हे आपण लक्षात ठेवावे. कारण पुढील प्रसंगी हाच विचार आपल्या उपयोगी पडणार आहे.

पती, सासरा आणि पुत्र असे तिन्ही आधार गेले. घराण्याचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला की एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, कारभार आपणाकडे सोपवावा आणि बाईंनी देवधर्म करीत स्वस्थ राहावे. वरवर पाहता हा सल्ला वैराग्याचा दिसतो. शोकाने थकलेल्या मनाला तो गोडही वाटला असता. परंतु वैराग्य आणि कर्तव्यापासून पळ काढणे या दोहोंतील भेद अहिल्याबाईंच्या बुद्धीस स्पष्ट दिसत होता. त्या दौलतीच्या एका वारसाच्या पत्नी आणि दुसऱ्याच्या माता होत्या. वारस नेमण्याचा अधिकार आपला आहे, असे त्यांनी शांतपणे कळविले.

कारभाऱ्यांनी रघुनाथराव पेशव्यांस अनुकूल करून घेतले आणि त्यांची फौज होळकरांच्या मुलखाकडे वळली. अहिल्याबाईंनी आरडाओरडा केला नाही, अश्रूंची याचनाही केली नाही. आपल्या सैन्याची तयारी केली, इतर मराठा सरदारांकडे साहाय्यासाठी पत्रे धाडली आणि पुण्यास थोरले माधवराव पेशवे यांच्याकडे न्याय मागितला. रघुनाथरावांस त्यांनी असे सुचविले, की एका स्त्रीशी युद्ध करून जय मिळाला तर कीर्ती वाढणार नाही आणि पराजय झाला तर अपकीर्ती मात्र कायमची राहील. माधवरावांचा कौल अहिल्याबाईंच्या बाजूने पडला. रघुनाथरावांचा बेत फसला आणि युद्धाचा प्रसंग टळला. पुढे याच गंगाधर यशवंतांशी वागताना बाईंनी सूडबुद्धी धरली नाही. भय, क्रोध आणि वैर या तिन्ही वाटांनी बुद्धी भ्रष्ट होण्याची संधी या एका प्रसंगात होती. तीनही वेळा ती जागेवर राहिली.

त्यानंतर त्यांनी जी व्यवस्था लावली तिच्यात त्यांचे शहाणपण दिसून येते. सैन्याचे आधिपत्य त्यांनी तुकोजी होळकर या अनुभवी व विश्वासू सरदाराकडे दिले. राज्याचा दिवाणी कारभार आपल्या हाती ठेवला. तुकोजी वयाने बाईंपेक्षा थोर होते, तथापि ते त्यांना मातोश्री मानीत. दोन सत्ताधीश एका दौलतीत एवढी वर्षे नांदले, याचे मोठे श्रेय बाईंच्या निःस्पृहतेला आहे. युद्धातील मान तुकोजींना मिळावा, यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

राजधानी म्हणून त्यांनी नर्मदेच्या काठचे महेश्वर निवडले. तेथील त्यांचा वाडा आजही पाहावयास मिळतो. राजवाडा म्हणून भव्यतेची अपेक्षा धरून येणारा मनुष्य त्याचा साधेपणा पाहून थबकतो. पांढरे वस्त्र, साधे भोजन आणि समोर अखंड वाहणारी नर्मदा, एवढ्यात त्यांचे वैयक्तिक जीवन सामावले होते. राज्य आपले नसून श्रीशंकराचे आहे, या भावनेने त्यांच्या आज्ञापत्रांवर श्रीशंकराचे नाव असे.

माल्कम यांनी बाईंची दिनचर्या जाणकारांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवली आहे. तिचा सारांश प्रत्येक गृहस्थाने वाचण्यासारखा आहे. सूर्योदयापूर्वी सुमारे एक तास त्या उठत. स्नान, पूजा झाल्यावर ठरलेल्या वेळेपर्यंत पुराणश्रवण चाले. नंतर दानधर्म व ब्राह्मणभोजन होई आणि मग त्या स्वतः शाकाहारी भोजन करीत. थोडी विश्रांती घेऊन दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येत आणि सायंकाळी सहापर्यंत तेथे बसत. त्यानंतर दोन-तीन तास पूजाअर्चा व अल्पाहार यांत जात. रात्री नऊला पुन्हा कामकाज सुरू होई, ते अकरा वाजेपर्यंत चाले. व्रतवैकल्ये, सण किंवा राज्यावरील एखादे मोठे संकट यांखेरीज या क्रमात बदल होत नसे.

या वेळापत्रकात चमत्कार कोणताही नाही. तथापि याचे बारकाईने अवलोकन केले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पूजा आणि कारभार हे दोन वेगळे संसार त्यांनी मानलेच नव्हते. सकाळची पूजा दुपारच्या न्यायासाठी मन निर्मळ करीत होती आणि दुपारचा न्याय सायंकाळच्या पूजेत अर्पण होत होता. देवघरात एक आणि कचेरीत दुसरे, अशी दोन माणसे आपल्या अंगात नांदत असतील तर मन स्थिर कसे राहील? बाईंच्या ठिकाणी माणूस एकच होते. म्हणूनच त्यांना स्थिरतेसाठी निराळी साधना करावी लागली नाही.

दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. फिर्याद घेऊन आलेल्या गरिबाचे म्हणणे त्या स्वतः ऐकून घेत. आपल्या हातून घडलेल्या प्रत्येक सत्ताप्रयोगाचा जाब एके दिवशी ईश्वरापुढे द्यावयाचा आहे, ही जाणीव त्यांना सतत होती. कठोर उपाय सुचविणाऱ्या अधिकाऱ्यांना त्या याच जाणिवेने आवरून धरीत. अधिकारी वारंवार बदलण्याची त्यांची रीत नव्हती. माणूस पारखून घ्यावा आणि मग त्याच्यावर विश्वास टाकावा, असे त्यांचे धोरण होते.

पैशाच्या बाबतीत त्यांचा नियम तर फारच कडक होता. होळकर घराण्यात दौलत आणि खासगी असे दोन हिशेब असत. दौलत म्हणजे राज्याचे उत्पन्न. खासगी म्हणजे घराण्यातील स्त्रियांच्या निर्वाहासाठी तोडून दिलेल्या मुलखाचे उत्पन्न. ती प्रथम १७३४ साली गौतमाबाईंच्या नावे मिळाली होती. अहिल्याबाईंनी हिंदुस्थानभर जो धर्मादाय केला तो खासगीतून केला. रयतेच्या कराचा पैसा रयतेच्या कामाला, आणि पुण्यकार्य करावयाचे ते स्वतःच्या पैशाने, ही रेघ त्यांनी पुसू दिली नाही. देवाच्या नावानेसुद्धा दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, एवढे शुद्ध आचरण आजही किती जणांना साधते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

एकदा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. त्या काळी अशा संपत्तीवर सत्ताधाऱ्यांची नजर जाणे नित्याचे होते. त्या वेळी तुकोजींचा तळ इंदूरजवळ पडला होता. काही स्वार्थी माणसांच्या सांगण्यावरून त्या धनातील हिस्सा घ्यावा, असे त्यांच्या मनात आले. सावकाराच्या विधवेने महेश्वर गाठले. बाईंनी तिला वस्त्रे देऊन तिचा सन्मान केला, पतीच्या संपत्तीची मालकीण तीच आहे असे ठरविले आणि तुकोजींना शहरापासून तळ हलविण्याची आज्ञा पाठविली. तुकोजींनी ती मानली. ज्याच्या हाती सारे सैन्य होते त्याला हा शब्द पाळावासा वाटला, यात त्या शब्दामागील नैतिक बळ दिसून येते.

माळव्याच्या डोंगरांतून प्रवास करणाऱ्यांना त्या काळी भिल्लांच्या टोळ्यांचे भय असे. बाईंनी आरंभी काही पुढाऱ्यांना कडक शिक्षा केल्या. त्यानंतर मात्र त्यांच्या उपद्रवाचे मूळ शोधले. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क होता. भिलकवडी या नावाने तो ओळखला जाई. तो हक्क त्यांनी मान्य केला. त्याबरोबरच पडीक जमीन कसण्याची आणि आपल्या हद्दीतील वाटा सुरक्षित राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. हद्दीत चोरी झाल्यास माल परत मिळवून देणेही त्यांच्याकडेच आले. जे वाट लुटीत होते तेच वाटेचे रक्षक झाले. दंड कोठे थांबवावा आणि न्याय कोठे सुरू करावा, हे रागावलेल्या बुद्धीला कधीच समजत नाही. ते शांत बुद्धीलाच समजते.

महेश्वरी लुगड्यांचा उद्योगही त्यांच्याच आश्रयाने वाढला. त्यांनी बाहेरून विणकर आणून महेश्वरात वसविले. आज अडीचशे वर्षांनंतरही तेथे माग चालू आहेत. इंदूर हे लहानसे गाव त्यांच्या काळात व्यापाराने भरभराटीस आले.

त्यांच्या धर्मकार्याची यादी देऊ लागल्यास हा लेख पुरणार नाही. काशीचे विश्वनाथाचे मंदिर १६६९ साली पाडले गेले होते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७८० साली, आज जेथे आपण दर्शन घेतो ते मंदिर बाईंनी उभारले. १७८३ साली सोमनाथास भग्न देवालयाजवळ नवे मंदिर बांधून पूजा पुन्हा सुरू करून दिली. १७८७ साली गयेचे विष्णुपद मंदिर पूर्ण झाले. वेरूळचे घृष्णेश्वर, काशीचे घाट, केदारच्या वाटेवरील धर्मशाळा व कुंड, जगन्नाथपुरी, द्वारका, रामेश्वर अशा दूरदूरच्या क्षेत्रांत मंदिरे, विहिरी, अन्नछत्रे यांची व्यवस्था त्यांनी लावली. दक्षिणेतील देवळांत अभिषेकासाठी नेमाने गंगाजल पोचविले जाई. यांतील बहुसंख्य स्थळे त्यांच्या राज्याच्या बाहेरची होती. तेथून कर मिळावयाचा नव्हता आणि सत्ताही वाढावयाची नव्हती. ज्या कर्माचे फळ आपल्या पदरात पडणार नाही हे आधीच ठाऊक आहे, ते कर्म तितक्याच काळजीने करणे, याला निष्काम कर्म म्हणतात.

मोठ्या मंदिरांपेक्षाही मनाला अधिक स्पर्श करणारी एक आठवण माल्कम यांच्या ग्रंथात आहे. उन्हाळ्यात महेश्वराच्या परिसरात शेतकरी नांगर धरीत असता बाईंचे सेवक शेतात जाऊन औत थांबवीत आणि बैलांना पाणी पाजीत. पीक खाणाऱ्या पाखरांना शेतकरी हाकलून देतात; त्या पाखरांसाठी म्हणून बाईंनी शेते विकत घेऊन मोकळी सोडली होती. नर्मदेतील माशांनाही अन्न मिळे. सर्वाभूती एकच परमात्मा आहे, हे वाक्य आपण सर्वच जण उच्चारतो. त्या वाक्याचा खर्च या बाईंच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेला होता.

अशा राज्यकर्त्याची स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. एका विद्वान ब्राह्मणाने बाईंच्या गौरवाचा एक ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. आपण एक पापी, दुबळी स्त्री असून इतक्या स्तुतीस पात्र नाही, असे त्या म्हणाल्या आणि तो ग्रंथ त्यांनी नर्मदेत टाकावयास लावला. पुढे त्या ग्रंथकाराची त्यांनी वास्तपुस्तही केली नाही. निंदा सहन करणे कठीण खरे. पण स्तुती पचविणे त्याहून कठीण. स्तुतीने मन हळूच तळावरून उचलले जाते आणि ते आपणास कळतही नाही.

आता या चरित्रातील सर्वांत दुःखद प्रसंगाकडे येतो. उरलेला एकच धागा म्हणजे कन्या मुक्ताबाई. यशवंतराव फणसे यांना ती दिली होती. मुक्ताबाईंना एक मुलगा होता. त्याच्यावर आजीचा फार जीव होता. बाईंची पासष्टी होण्याच्या सुमारास हा नातू महेश्वर येथे वारला. वर्षभराने जावई यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सहगमनाचा निश्चय केला.

एकेकाळी मल्हाररावांनी ज्या जागी उभे राहून सुनेची विनवणी केली होती, त्याच जागी आता अहिल्याबाई उभ्या होत्या. सारे राज्य ज्यांच्या शब्दावर चालत होते त्या मातेने मुलीपुढे भूमीवर अंग टाकले आणि आपणास एकटे सोडून जाऊ नकोस, अशी याचना केली. मुलगी बधली नाही. आपला पुत्र व पती दोघेही गेले, उद्या आईही जाईल आणि मग आयुष्य असह्य होईल, असे तिचे म्हणणे पडले. बाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरले होते. पहिली ज्वाला उठेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. त्यानंतर मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी आक्रोश केला, हात सोडविता येईनात म्हणून दुःखावेगाने ते चावले. सर्व संपल्यावर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात गेल्या. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही आणि एक शब्दही उच्चारला नाही.

ही रूढी शास्त्राची आज्ञा नव्हे, हे पुढे अनेक विद्वानांनी दाखवून दिले आणि १८२९ साली कंपनी सरकारच्या मुलखात ती कायद्याने बंद झाली. मुक्ताबाई जगत्या तर आईच्या पश्चात त्यांच्या हातूनही किती सत्कार्ये झाली असती, हा विचार मनाला चटका लावून जातो.

येथे एखादा वाचक विचारील की ज्या स्त्रीने दुःखावेगाने स्वतःचे हात चावले तिला स्थिरबुद्धी कसे म्हणावे? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर चौथ्या दिवशी काय घडले यात आहे. चौथ्या दिवशी बाई उठल्या. दरबाराची वेळ झाली, तेव्हा दरबार पुन्हा भरू लागला. फिर्यादी आले, त्यांचे ऐकून घेतले गेले. बैलांना पाणी मिळत राहिले. मुलीच्या स्मरणार्थ नर्मदाकाठी त्यांनी एक सुंदर स्मारक उभारले. आपल्या दुःखाचा दंड त्यांनी कोणालाही भोगावयास लावला नाही. कोणावर त्या चिडल्या नाहीत. न्यायाचा काटा शोकाने वाकला नाही.

गीतेतील स्थिरतेचा अर्थ आपण पुष्कळदा असा करतो की ज्ञानी पुरुषाच्या डोळ्यांत पाणी येऊ नये. समुद्रात नद्या येऊन मिळतात तेव्हा पाणी तेथेही हालते. समुद्र आपली मर्यादा सोडीत नाही, एवढेच. बाईंचे हृदय आईचे होते, ते तुटले. ज्या थोड्या नियमांवर त्यांनी आयुष्य बांधले होते, ते मात्र तुटले नाहीत. तीन दिवस बोलण्याचीही शक्ती नसलेल्या मनाला चौथ्या दिवशी उठून कोठे जावयाचे हे ठाऊक होते. कारण गेली चोवीस वर्षे ते रोज त्याच वाटेने गेले होते. सुखाच्या दिवसांत बांधून ठेवलेला हा घाट दुःखाच्या महापुरात पायाखाली सापडतो. पूर आल्यावर घाट बांधता येत नाही.

त्यानंतर सुमारे चार वर्षे बाई राज्यकारभार पाहत होत्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागे त्यांचे असे कोणीही उरले नव्हते, आणि तरीही सारा माळवा पोरका झाला. लोकांनी त्यांना पुण्यश्लोक ही पदवी दिली. नल आणि युधिष्ठिर यांच्या नावांमागे लागणारी ही उपाधी एका गृहस्थाश्रमी स्त्रीला सर्वसामान्य जनतेने आपण होऊन द्यावी, यापेक्षा मोठी राजमुद्रा कोणती असणार!

वाचकहो, आपणांपैकी फारच थोड्यांच्या हाती राज्य असेल. पण प्रत्येकाच्या हाती एक दिवस आहे. त्या दिवसाला एक नेमाची सकाळ असावी. घरचा पैसा आणि आपणाकडे विश्वासाने ठेवलेला पैसा यांच्यामध्ये न पुसली जाणारी रेघ असावी. आपल्याहून दुर्बळ असलेल्याचे, मग तो नोकर असो, सून असो की भाडेकरू असो, म्हणणे स्वतः ऐकून घेण्याची सवय असावी. स्तुती झाली तर ती नर्मदेत सोडून देता यावी. दारातील मुक्या प्राण्याला उन्हात पाणी मिळावे. यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. ती रोज करणे मात्र अवघड आहे. म्हणून आज एकाच नियमाने आरंभ करावा आणि तो भगवंताला अर्पण करावा. शोकाचा दिवस प्रत्येक घरी येतोच. त्या दिवशी अश्रू येतील, ते खुशाल यावेत. परंतु ते पुसल्यावर आपले पाऊल कोणत्या वाटेने वळणार, हे आजच ठरवून ठेवणे आपल्या हाती आहे.

जगन्नियंता परमेश्वर आपणा सर्वांस तशी बुद्धी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.